बेचाळीस लाल दोऱ्या

मे महिन्याचा दुसरा आठवडा. थोआ कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेका गड्ड्याच्या बुंध्याला अंगठा लावून बघत होती, आणि अंगठ्याला दर वेळी एकच उत्तर मिळत होतं: सपाट. जिथे कोंब फुगून मुठीत मावेनासा व्हायला हवा, तिथे नुसती काडी. दहा गड्डे झाले, वीस झाले. झाडं म्हणाल तर माणसाच्या डोक्यावर दोन हात गेलेली, पानं रुंद, हिरवीगार. एवढं देखणं शेत अख्ख्या पुलीच्या खोऱ्यात दुसरं नसेल. आणि त्या देखण्या शेतात भाजीचा एक तुकडा नव्हता.

"काय गं, लागलं का काही हाताला?" बांधावरून लो काका ओरडले. शेजारचं शेत त्यांचं.

"नाही, काका."

"माझ्याकडेही तेच. गवताची भिंत उभी राहिलीय नुसती! आता म्हशीच पाळतो. त्या तरी आशीर्वाद देतील." ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच विरलं. सासऱ्याच्या वयाचा माणूस, रोज तिची थट्टा करणारा. आज त्याचा चेहरा बघवत नव्हता.

हे कसं झालं ते थोआला ठाऊक होतं. अख्ख्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं, आणि म्हणून गेले पंधरा दिवस तिला घास गोड लागत नव्हता.

गोष्ट मागच्या ऑक्टोबरातली. थोआ व्हिएतनामची, मेकाँगच्या मुखाकडच्या भातकरी घरातली. लग्न होऊन ह्या देशात आली ती थेट ताइचुंग शहरात. नवरा शेंग-हुई तिथे सायकलींच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तसा दोघांनी गाशा गुंडाळला आणि त्या ऑक्टोबराआधीच्या फेब्रुवारीत सासूच्या गावी आली. शेंग-हुई कागदाच्या गिरणीत लागला, थोआ सासूबरोबर पाण्यात उतरली. तोवर ह्या शेतातली भाजी, च्याओबाय, तिने फक्त ताटात पाहिलेला: पांढराशुभ्र, गोडसर कोंब, मांसाच्या बारीक चकत्यांबरोबर परतलेला. तो येतो कुठून, ह्याची चौकशी तिने कधी केली नव्हती. आपण तरी कुठे करतो?

सासूचं नाव ख्वान. गाव तिला ख्वान मावशी म्हणे. काम करून करून वाळलेली, तोंडाने फटकळ, पण मनात काही न ठेवणारी. नोकरी गमावून परतलेल्या मुलाला आणि सुनेला तिने एका शब्दाने टोचलं नाही. उलट पहिल्याच आठवड्यात बाजार पालथा घालून माशाच्या खाऱ्या रसाची बाटली पैदा केली आणि थोआच्या पुढ्यात आदळली. "घे. तुमच्याकडे ह्याच्याशिवाय जेवण होत नाही म्हणे. वास काय, शी!" त्या दिवसापासून थोआचा जीव ह्या म्हातारीवर जडला.

ह्या पिकाला बी नसतं. मागच्या वर्षीचे गड्डे फोडायचे आणि पुन्हा लावायचे. त्यामुळे चांगला गड्डा ओळखता आला तर शेत आलं, नाहीतर गेलं. आणि गड्डा ओळखावा तो ख्वान मावशीनेच, ह्यावर गावात दुमत नव्हतं. ऑक्टोबरात काढणी उरकली की एक दिवस ती कमरेला लाल दोऱ्यांचा जुडगा खोचून एकटीच पाण्यात उतरायची. पसंत पडलेल्या गड्ड्याला दोरी बांधायची. त्या दिवशी तिच्याशी कोणी बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, तीही कोणाशी बोलायची नाही. तिच्या सासऱ्यापासूनची रीतच तशी. मग नोव्हेंबरात बिनदोरीचं सगळं उपटून टाकायचं आणि दोरीचे गड्डे वाढवून, फोडून डिसेंबरात रोपं करायची. ती रोपं आणखी सात घरी जात, फुकट. त्या बदल्यात एवढंच, की प्रत्येक घरच्या शेतातल्या काढणीची पहिली टोपली मावशीच्या दाराशी यायची. टोपल्या मोजत बसणारी नव्हती ती, पण त्या दिवशी स्वच्छ सदरा घालून दारात मात्र बसायची.

पण मागच्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. भूमिदेवाच्या दिवशी लाल घेवड्याच्या गोड कढणात तिने साखरेऐवजी मीठ ओतलं. पाहुणे तोंडं वेडीवाकडी करत राहिले. लो काकांना तर आयतंच सापडलं. "मावशी, यंदा दोऱ्या झाडालाच बांधा बरं का! बगळ्याच्या पायाला नका बांधू!"

सगळे हसले. म्हातारीही हसली. पण तिच्या हातातल्या जेवणाच्या काड्या वाडग्यावर क्षणभर थांबल्या, आणि ते फक्त थोआने पाहिलं. तिला फार वाईट वाटलं.

दोऱ्या बांधून झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी शेंग-हुई आईला डोळे दाखवायला ताइचुंगला घेऊन गेला. थोआ शेतावर गेली, दोऱ्या बघितल्या आणि तिच्या काळजात धस्स झालं. म्हातारीने बांधल्या होत्या कुठे, तर बुटक्या, अरुंद पानांच्या, जरा पिवळसर गड्ड्यांना. आणि त्यांच्याच शेजारी अशी ताठ, रसरशीत झाडं उभी होती की दृष्ट लागावी! काढणीत त्यांना कोणी हात लावला नव्हता. थोआला वाटलेलं, उशिरा तयार होत असतील. तिच्या बापाच्या शेतात बियाणं नेहमी सगळ्यात भरल्या लोंबीचं काढत. बापाने तिला पाचव्या वर्षी हे शिकवलं होतं. दिसलंच नाही हो म्हातारीला, तिच्या मनात आलं. लोकांना कळलं तर तिची छी-थू होईल.

मग त्या दुपारी तिने एकूण एक दोरी सोडली आणि धडधाकट झाडांना बांधली. बेचाळीस. सासूची गाठ जशी असते, दोन वेढे आणि एक फास, अगदी तशीच. काम संपलं तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी दोन वाडगे भात खाल्ला तिने.

ख्वान परतली. धूसर डोळ्यांना लाल ठिपके दिसले, तिला पुरेसं होतं. बाकीचं सगळं उपटून भूमिदेवाच्या देवळीमागच्या ओढ्यात फेकलं गेलं. रोपं झाली, सात घरी गेली. फेब्रुवारीत मोतीबिंदू काढला. आणि मे महिन्यात स्वच्छ, नव्या डोळ्यांनी म्हातारीने आपलं शेत बघितलं. बांधावर उभी राहिली ती, किती वेळ कोण जाणे. मग घरी गेली.

शेतकी संशोधन केंद्रातून श्ये बाई आल्या त्या पुढच्या सोमवारी. वय असेल तिशीच्या आत, छातीपर्यंत रबरी कपडे चढवलेले, हातात बर्फाची पेटी. आठवडाभरापूर्वी त्यांनी बुंध्याचे तुकडे कापून नेले होते. आज निकाल घेऊन आल्या होत्या. आठही घरची माणसं बांधावर जमली. ख्वान पुढे, तिच्या मागे थोआ.

"झाडं निरोगी आहेत," श्ये बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय," लो काका म्हणाले. "निरोगी झाडांची कोशिंबीर करायची का?"

"काका, तेच तर दुखणं आहे. रोग हवा होता, तो नाहीये." बाईंनी कोंबाचं एक जुनं चित्र काढून दाखवलं. "आपण खातो तो कोंब म्हणजे झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीने आणलेली सूज. बुरशी नाही तर सूज नाही. झाड मोकळं, उंच वाढणार, फुलोरा टाकणार."

थोआला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे आपण रोग विकतो?"

"विकतो कसला, मिटक्या मारत खातो," लो काका म्हणाले. "तुला सांगितलं नाही कोणी?"

नव्हतं सांगितलं. कोण सांगणार? इथल्या पोरांना ते कळायला लागण्याआधी कळलेलं असतं. थोआला आपण निवडलेली ती बेचाळीस धडधाकट झाडं आठवली.

"पण झाड रोगाला आत राहू देतं कसं?" कोणीतरी विचारलं.

"सहजासहजी नाही देत. झाडाच्या प्रत्येक पेशीला आपला राखणदार असतो. बुरशीचा धागा भिंतीला लागला रे लागला की आतून ओरड होते, जहाल रसायनं सुटतात, शेजारच्या पेशींना सांगावा जातो." श्ये बाई बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं कठीण. "मग बुरशी काय करते? प्रथिनं सोडते, शेकडो तऱ्हांची. एक प्रथिन जाऊन त्या रसायनांची धारच बोथट करतं. दुसरं पेशीच्या आत शिरतं आणि सांगावा ज्या मालापासून बनतो तो मालच भलतीकडे वळवतं. ओरड होतच नाही. राखणदार जागा असतो, पण त्याला वाटतं सगळं ठीक आहे. आणखी काही प्रथिनं वाढीचा कारभार हातात घेतात: फुलू नकोस, फूग."

"म्हणजे चोर नाही," ख्वान इतक्या वेळात पहिल्यांदा बोलली. "घरजावई आहे मेला. बसून खातो आणि घराला पटवतो की मी तुमचाच."

लोक हसले. श्ये बाईही हसल्या. "अगदी तसंच, मावशी. पण ह्या जावयाचं एक आहे. तुमच्या गावातली ही बुरशी पिढ्यानपिढ्या गड्ड्यातून गड्ड्यातच गेली. तिची काळी भुकटी, म्हणजे तिचं बी, वाऱ्यावर फारशी उडत नाही. त्यामुळे एकदा गेली की बाहेरून परत यायची नाही. आणि मी आठही शेतांतले नमुने बघितले. एकातही नाही. म्हणजे..." त्या अडखळल्या. "म्हणजे ज्यांच्यापासून रोपं केली त्या मूळ गड्ड्यांतच नव्हती."

सगळ्यांनी ख्वानकडे बघायचं टाळलं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"मोतीबिंदू होता तेव्हा," अखेर लो काका हळू आवाजात म्हणाले. "दिसलं नसेल. माणूसच आहे. आम्हीच आधी बोलायला हवं होतं."

"हं," ख्वान म्हणाली.

थोआने तोंड उघडलं. आणि मग तिला तो सगळा बांध दिसला, ही सगळी माणसं, ज्यांची पोरं अजून तिला 'परदेशी वहिनी' म्हणत. तिने तोंड मिटलं. ह्या एका गोष्टीची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

नंतरचे दिवस घरात कोणी मेल्यासारखे गेले. ख्वान पेज ढवळत बसायची आणि तशीच ठेवून द्यायची. टोपल्या तर यायच्या नव्हत्याच. पण सवयीने म्हातारी स्वच्छ सदरा घालून दारात बसली, आणि थोड्या वेळाने स्वतःच उठून तो बदलून आली. शेंग-हुई म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाहून आणू रोपं." ती म्हणाली, "आण. मला विचारू नकोस. आता मला कोणी काही विचारू नका."

गुरुवारी दुपारी थोआ सोलायच्या छपरीत गेली. एरवी ह्या दिवसांत तिथे सालपटांचा गुडघाभर ढीग असतो. ख्वान रिकाम्या पाटावर बसून उजवा हात डोळ्यांपुढे धरून बघत होती. बोटं पाण्याने सुरकुतलेली, अंगठ्याचं टोक चपटं झालेलं.

"आई, थोडं खाऊन घ्या."

"सगळे म्हणतात डोळे," ख्वान हातावरची नजर न काढता म्हणाली. "म्हणू देत. तुला म्हणून सांगते, मी डोळ्यांनी कधी निवडलंच नाही. सासरा म्हणायचा, झाड डोळ्याला फसवतं. पाण्यात हात घालायचा, बुंध्याला अंगठा लावायचा. आत तो असला तर किंचित दबतं. पिकल्या पेरूसारखं नाही, त्याहून कितीतरी कमी. चाळीस वर्षं ह्या अंगठ्याने बघितलं मी. त्या दिवशीही बघितलं. एकेक गड्डा. खात्री होती माझी." तिने अंगठा पुढे केला. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं गं. ह्याचं कुठे करायचं? हातच गेला माझा, आणि मला कळलंसुद्धा नाही."

थोआ खाली बसली.

"आई, हात नाही गेला. मी दोऱ्या बदलल्या."

ख्वानने मान वळवली.

"तुम्ही डॉक्टरांकडे गेलात तेव्हा. मला वाटलं तुम्हाला दिसलं नाही. रोगट झाडांना बांधल्यात असं वाटलं. मी सोडून दुसऱ्यांना बांधल्या. सगळ्या. लोक तुम्हाला हसतील म्हणून केलं, आई, शपथ घेते..."

"किती?"

"बेचाळीस."

"बेचाळीस," ख्वान म्हणाली. "बरोबर. बेचाळीसच होत्या."

तिने पुन्हा अंगठ्याकडे बघितलं. रडते की हसते कळेना, आणि मग थोआला कळलं की तसं काही नाही, म्हातारी संतापली होती.

"शेत गेलं त्याचं काही नाही. शेतं जातात. पण इतके दिवस मी माझ्याच हाताकडे मेल्यासारखी बघतेय, आणि तू इथे, ह्या घरात, मला पेज वाढत होतीस! त्या दिवशी बांधावर ती पोरगी सांगत होती, सगळे ऐकत होते. तेव्हा तुझी जीभ काय झडली होती?"

"मी घाबरले."

"जा. माझ्यासमोरून जा."

थोआ गेली, पण माहेरी नाही, आणि रडायलाही नाही. तिने बाजारातून सुपारी आणली, तबकात मांडली आणि माफी मागायची गावाची जी रीत, तशी सातही घरं एकटीने केली. एका घरी दार तोंडावर लागलं. एका घरच्या बाईने सुपारी घेतली आणि वर्षभराच्या शिव्या एका दमात दिल्या. शेवटचं घर लो काकांचं. ते अंगणात कोयत्याला धार लावत बसले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"सुपारीने पोट भरतं काय गं?"

"नाही, काका."

"नाहीच भरत." त्यांनी एक उचलली, गालात सारली आणि बराच वेळ चघळत राहिले. "तू मूर्खपणा केलास तो केलास. पण म्हातारीला आंधळी आम्ही म्हणालो. बगळ्याचा तो विनोदही माझाच. मी कुठे घेऊन जाऊ सुपारी?"



तीन दिवस ख्वान तिच्याशी बोलली नाही. शेंग-हुई आईच्या आणि बायकोच्या मध्ये जेवायला बसायचा आणि कोणाकडेच न बघता वाडगं संपवायचा. चौथ्या दिवशी सकाळी बाहेरून ख्वानची हाक आली.

"बूट घाल."

देवळीमागच्या ओढ्यात नोव्हेंबरात फेकलेल्या गड्ड्यांपैकी बरेच कुजून गेले होते. पण काठाकाठाने काही चिखलात रुजले होते, वेडेवाकडे, अरुंद पानांचे, शेवाळात अडकलेले. नाकारलेला माल म्हणून तिकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. श्ये बाई पेटी घेऊन काठावर उभ्या होत्या. त्यांना बोलावलं कोणी ते थोआने विचारलं नाही.

ख्वान पाण्यात उतरली. नवे डोळे तिने घट्ट मिटून घेतले आणि हात खाली घातला. एक गड्डा. दुसरा. मान हलवायची आणि पुढे सरकायची. कधी एखाद्यापाशी थांबायची आणि कमरेची दोरी काढायची. तासभर गेला. ओढा संपला तेव्हा अकरा दोऱ्या लागल्या होत्या. बेचाळीसातले अकरा, की दुसरेच कुठले, कोणाला सांगता येणार! आठ शेतं पुन्हा उभी करायची तर तीन वर्षं तरी जाणार होती. लो काकांनी तेवढं थांबायचं ठरवलं. बाकीच्यांतले दोघे दुसऱ्या गावाहून रोपं आणायला गेलेसुद्धा.

श्ये बाईंनी अकरांचेही तुकडे घेतले. "मावशी, आठवड्यात सांगते, आहे की नाही ते."

"सांग. तुझ्या वहीसाठी सांग," ख्वान म्हणाली. "मला माहीत आहे."

मग ती थोआकडे वळली. राग उतरला नव्हता. चेहऱ्यावर दिसत होता तो.

"इकडे ये. डोळे मीट. हात घाल."

थोआने हात घातला. पाणी गार होतं. बुंधा हाताला लागला.

"काय लागतंय?"

"काही नाही."

"पुन्हा."

थोआने अंगठा पुन्हा टेकवला. डोळे मिटलेलेच होते, म्हणून असेल, तिला बोलायचं धाडस झालं. "आई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं असतं तर?"

ओढ्याचं पाणी वाहत होतं.

"चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही," म्हातारी म्हणाली. "मला वाटायचं, मान देतात."

"तुम्ही सांगितलं असतंत?"

"नसतं सांगितलं. रीत होती." ख्वानने तिचं मनगट पकडलं आणि अंगठा बोटभर खाली सरकवला. "इथे. दाबू नकोस, नुसता ठेव."

थोआने नुसता ठेवला. काही नव्हतं. आणि मग होतं, अगदी जरासं.

"मऊ आहे," ती म्हणाली.

"किती मऊ?" सासूने विचारलं.